चिकटवण्याआधी

"सेफ आहे ना हे?" सगळेच विचारतात.
अरबीत विचारतात, मल्याळीत, टागालोगमध्ये,
आणि महिन्यातून एखादं गिऱ्हाईक
छातीवरचं 'नजीब सेरखोत' वाचून
एकदम मराठीत.

मी हवल्लीत बसतो, जिन्याखालच्या सहा फुटांत.
कटर, स्पिरिट, कापूस, हीट गन,
आणि विनाइलचे रोल : कार्बन, लाकूड, वाघाचे पट्टे,
एक आकाशगंगा. तीच जास्त खपते.

पूर्वी म्हणायचो, शंभर टक्के सेफ.
आता आधी गेम हातात घेतो,
पाठीवरून अंगठा फिरवतो.
रंग प्लास्टिकच्या अंगातलाच असेल तर चिंता नाही.
पण वर तो मऊ लेप असला,
सायीसारखा, बोटाला जरासा अडणारा,
तर सांगून टाकतो :
लावताना काही होणार नाही,
काढताना बघू.

वाऱ्याच्या जाळ्या झाकत नाही, कितीही हट्ट केला तरी.
आणि ऑगस्टात गाडीत विसरू नका म्हणतो.
डॅशबोर्डवर इथे डिंकाचं पाणी होतं,
निवला की मग तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

हे शहाणपण तोरसकर सिस्टरांच्या खर्चाने आलं.

आठ वर्षांपूर्वी आल्या होत्या,
मुलगा टाचा उंचावून, नाक काउंटरला टेकवून.
शार्दूल. त्याला आकाशगंगाच हवी होती.
"सेफ आहे ना?"
शंभर टक्के, सिस्टर. दोन दीनार.

परवा एकट्याच आल्या, ड्यूटीवरून, पांढऱ्या बुटांत.
शार्दूल कोल्हापूरला, अकरावीत.
"गेम नको म्हणतो आता. विकायचाय. सोलून द्या."

हर्णैला आम्ही मुशी सोलतो तशीच रीत :
आधी कढत पाणी, मग कोपरा, मग दमानं.
घाई केली की कातडीबरोबर मांस येतं.
मी दमानंच केलं, खुदाशप्पथ.
तरी आलं.
आधी नखाएवढं, मग तळव्याएवढं,
काळा लेप आकाशगंगेच्या पाठीला बिलगून निघाला
आणि गेमची पाठ उघडी पडली, भाजल्यासारखी.

सिस्टर भाजलेल्यांच्याच वॉर्डात असतात.
अरेरे म्हणाल्या नाहीत.
"तुम्ही शंभर टक्के म्हणाला होतात."
म्हणालो होतो.
"माहीत नव्हतं तुम्हाला?"
नव्हतं, सिस्टर. नवीन होतो.
तेव्हा अकामासुद्धा पासपोर्टात चिकटवून द्यायचे,
मला वाटायचं, चिकटलं म्हणजे झालं.

एवढं बोलून मी ते सालपट चुरगाळायला घेतलं,
तर त्यांनी माझं मनगट धरलं,
नाडी बघताना धरतात तसं.
सालपट उलटं करून ट्यूबलाइटकडे नेलं.

डिंकाच्या बाजूला, अगदी कोपऱ्यात,
एक अंगठा.
एवढासा. रेषान् रेषा जागेवर.
लावताना मी ओरडलो असणार, हात लावू नको रे,
आणि त्याने लावलाच असणार.
आठ उन्हाळे गेले, धुळीची वादळं गेली,
आत काहीही पोचलं नव्हतं.

मी भाव सांगितला. निम्म्याहून खाली आला होता.
त्यांचं लक्ष नव्हतं.
बटर पेपर मागितला,
सालपट त्यावर पसरलं, सुरकुती न पडू देता,
आणि पर्समध्ये, पासपोर्टाशेजारी ठेवलं.
गेम काउंटरवर विसरून निघाल्या.
अर्ध्या जिन्यावरून परत आल्या,
तोही घेऊन गेल्या.
मजुरी घेणार नव्हतो मी,
नंतर पाहिलं तर कापसाच्या डब्याखाली दीनार होता.

आज एक पोरगा आला, हातात नवाकोरा गेम,
बोटांना चिप्सचा मसाला.
"सेफ आहे का, अंकल?"
कुणासाठी, म्हटलं.
त्याला काही कळलं नाही.
आधी म्हटलं, जा, हात धुऊन ये.
तो निघालाही.
मग म्हटलं, असू दे.